व्यसन माणसाचे की पाळीचे?

घरातला कर्ता पुरुष पिऊ लागला की मराठीत आपण त्याला दारुडा म्हणतो, कन्नडमध्ये कुडुक. खिशात तंबाखूची पुडी सापडली की 'संगत वाईट' असा निकाल देऊन मोकळे होतो. माणसाला नावे ठेवणारे शब्द दोन्ही भाषांत भरपूर आहेत. पण तो ज्या पाळीत राबतो, तिच्याकडे आपण कधी पाहतो का?

बेळगावचे उद्यमबाग, मच्छे हे भाग फाउंड्रीसाठी ओळखले जातात. तिथे नेमके काय चालते, याची घरच्यांना क्वचितच कल्पना असते. सुमारे 1400 अंश सेल्सिअस तापलेला लोखंडाचा रस साच्यात ओतायचा, निवल्यावर साचा फोडायचा, कास्टिंग घासून साफ करायचे. अंगावर घामाच्या धारा आणि नाकातोंडात वाळूची बारीक धूळ. या धुळीतल्या सिलिकामुळे फुफ्फुसांना सिलिकोसिस होतो, क्षयाचा धोका वाढतो. त्यावर विडी-सिगारेट म्हणजे आगीत तेलच!

आता रात्रपाळी पाहा. पहाटे तीनला शरीर झोप मागते, पण भट्टी थांबत नाही. तंबाखूतले निकोटिन झोप उडवते, भूक मारते आणि चिमूटभर तंबाखू गालात धरली तरी हात कामाला मोकळे राहतात. म्हणजे सुरुवात चैनीने नव्हे, जागे राहण्याच्या गरजेने होते. सकाळी घरी यावे तर उजेड, मुलांचा गलका, पत्र्याचा उकाडा. झोप यावी म्हणून मग 'थोडी' घेतली जाते. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप सलग होत नाही. थकवा तसाच राहतो आणि रात्री पुन्हा तंबाखू. ही दोन्ही व्यसने एकत्र आली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

कर्नाटकात 2013 साली गुटखाबंदी झाली. लोकांनी पानमसाला आणि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या एकत्र करून वाट काढली. पुडी बदलली, पाळी तीच राहिली. उलट 2023 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून, आठवड्याची 48 तासांची मर्यादा ठेवत, दिवसाला 12 तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली.

कारखानदारांनी रात्री गरम जेवण, हक्काची विश्रांती आणि धूळ खेचून घेणारी यंत्रणा दिली, तर नुसत्या व्यसनमुक्तीच्या व्याख्यानापेक्षा अधिक साधेल. घरच्यांनाही करण्याजोगे आहे. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा अंधारी, शांत खोली द्या. पाहुणे आणि टीव्ही दुपारनंतर. तंबाखू सोडायची असेल तर 1800 11 2356 या क्रमांकावर सरकारी सल्ला मोफत मिळतो. आणि पुढच्या वेळी त्याला बोल लावण्याआधी एवढेच विचारा, "आज किती तास झोपलात?" मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण विचारा.