रेबीजला गाऱ्हाणे नव्हे, लस हवी!

कुत्रा चावला की जखमेवर चुना-तिखट लावायचे, देवाला गाऱ्हाणे घालायचे, हे मालवण किनारपट्टीवर किती दिवस चालणार? रेबीजची लस १८८५ पासून आहे. लक्षणे दिसल्यावर मात्र मरण जवळपास अटळ.

गोव्याने कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले, शाळांतून मुलांना शिकवले आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केले. बांद्याच्या नाक्यापलीकडे जमते, ते इकडे का नाही?

आरोग्य केंद्रात लस नसेल तर पैसेवाला खासगीत जाईल. खलाशाचे, मजुराचे पोर कुठे जाईल? लस आणि सीरम हा आमचा हक्क आहे, उपकार नव्हे!

तरुणांनो, वाडीवाडीत, बुद्धविहारात सांगा: जखम साबणाने १५ मिनिटे धुवा, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा, सगळे डोस पूर्ण करा. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाने सांगितलेले कर्तव्य आहे.

जय भीम!