किल्ली कोणाच्या कडोसरीला?

पडदा तडकलेला जुना लॅपटॉप भंगारात न घालता घरातल्या फडताळात ठेवायचा, त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवायची, कुटुंबाची छायाचित्रे, सातबाऱ्याचे उतारे, आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण त्यात साठवायचे आणि तो अहोरात्र चालू ठेवायचा, असा उद्योग करणारी तरुण मंडळी आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी आढळतात. स्वतःचा सर्व्हर स्वतःच्या घरी चालविण्याच्या या छंदाला त्यांच्या भाषेत ‘सेल्फ-होस्टिंग’ म्हणतात. प्रोग्रॅमिंग हा यांच्यापैकी अनेकांचा पोटापाण्याचा व्यवसाय नसतो. कोणी शिक्षक, कोणी औषधविक्रेता, कोणी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा रिकामटेकडेपणा वाटतो. ‘गूगल फुकट देतो आहे, मग ही उठाठेव कशासाठी?’ असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर दिले गेले पाहिजे.

या मंडळींच्या नित्याच्या गप्पा मोठ्या गमतीच्या असतात. साठ वॅटचा जुना डेस्कटॉप महिनाभर अखंड चालला तर ४३ युनिट वीज खातो, पाच वॅटच्या ‘रास्पबेरी पाय’ला चार युनिटही लागत नाहीत, असा हिशेब कोणी मांडतो. दुसरा जुन्या लॅपटॉपची बाजू घेतो. पंधरा वॅटमध्ये काम भागते आणि वीज गेली तरी त्याची बॅटरी हाच त्याचा इन्व्हर्टर. तिसरा लगेच बजावतो की, सतत जोडून ठेवलेली बॅटरी फुगते, तेव्हा अधूनमधून झाकण उघडून पाहत जा. मग विषय निघतो इंटरनेट पुरवठादाराचा. अनेक पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. बाहेर जाणारे पत्र जाते, पण बाहेरून येणाऱ्याला घर सापडत नाही. त्यावर कोणी आयपीव्ही६चा मार्ग सुचवितो, कोणी ‘वायरगार्ड’चा बोगदा काढायला सांगतो. घरच्या घरी ई-मेलचा सर्व्हर चालवू नये, यावर मात्र बहुतेकांचे एकमत असते, कारण मोठ्या कंपन्या अशा पत्त्यावरून आलेले टपाल सरळ कचऱ्याच्या पेटीत टाकतात. लिनक्सचा कोणता अवतार श्रेष्ठ, यावर रात्री-रात्री चालणारा वाद तर आडवे गंध की उभे गंध या वादाच्याच जातीचा. त्यात न पडलेले बरे.

आता त्या ‘फुकट’विषयी. गूगलने छायाचित्रांसाठी देऊ केलेली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. तोवर घराघरांतील मुंजी-लग्नांची, बारशांची छायाचित्रे तिकडे जाऊन पडली होती. पंधरा जीबीच्या पुढे भाडे द्या किंवा सामान हलवा, असा सरळ मामला झाला. कंपनीने त्यात काही बेकायदा केले नाही. घरमालक भाडे वाढवतोच. प्रश्न एवढाच की, आपण भाडेकरू आहोत हे किती जणांना ठाऊक होते?

घरगुती छायाचित्रांचे सोडून देऊ. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्के वाटा, हे त्याचे कारण. निर्बंध युरोपचे होते, ते भारतीय कायद्याने बांधलेल्या या कंपनीला भारतात लागू नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने नायराच्या ई-मेल व अन्य सेवा थांबविल्या. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेला प्रकल्प, आणि त्याच्या कर्मचाऱ्यांना आपलेच टपाल उघडता येईना! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पैसे भरलेले होते, करार होता, माहिती कंपनीची स्वतःची होती. किल्ली मात्र दुसऱ्याच्या कडोसरीला होती.

या प्रकरणानंतर स्वदेशी संगणकप्रणालीचा जोर वाढला. बारा लाखांहून अधिक शासकीय ई-मेल खाती श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीने घडविलेल्या प्रणालीवर नेण्यात आली. तमिळनाडूतील खेड्यात बसून जगाला प्रणाली विकणाऱ्या या उद्योगाचे कौतुक कोणालाही वाटावे. तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परक्या मालकाच्या चाळीतून आपल्या माणसाच्या चाळीत राहायला जाणे चांगलेच, पण ते घर बांधणे नव्हे. झोहोच्या प्रणालीची मूळ लिपी, म्हणजे ज्या आज्ञावलीने ती चालते ती, ग्राहकाला वाचता येत नाही आणि उद्या कंपनीने धोरण बदलले तर ग्राहकाला ती स्वतःच्या बळावर पुढे चालवता येणार नाही. मुक्त प्रणालीत ती वाचता येते, बदलता येते, आपल्या यंत्रावर चालवता येते. स्वदेशीचा विचार खरेदीच्या पावतीवर थांबला तर तो अर्धाच राहतो. फडताळातल्या लॅपटॉपशी झटापट करणारा तो मुलगा नकळत उरलेल्या अर्ध्याचा अभ्यास करीत असतो.

छंद म्हणून हिणवण्याआधी लिनक्सचा इतिहास आठवावा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपली प्रणाली जाहीर केली तेव्हा हा केवळ छंद आहे, यातून मोठे काही होणार नाही, असेच त्याने लिहिले होते. २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे.

पण या कथेची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. लिनक्सवरच्या असंख्य यंत्रांत ‘एक्सझेड’ नावाची, माहिती दाबून लहान करणारी एक छोटी प्रणाली असते. ती अनेक वर्षे प्रामुख्याने एकच गृहस्थ, बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होता. थकलेल्या त्या माणसाच्या मदतीला टोपणनावाने कोणी एक आला, दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम करून त्याने विश्वास संपादन केला आणि २०२४ मध्ये त्या प्रणालीत चोरदरवाजा बसविला. जगभरच्या सर्व्हरांत गुपचूप शिरता येईल असा तो बेत होता. तो उघडकीस आणला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. सर्व्हरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढे त्याला खटकले आणि तो खोदत गेला. लिपी उघडी होती म्हणून त्याला खोदता आले. योगायोग असा की, हा अभियंता मायक्रोसॉफ्टच्याच नोकरीत होता. म्हणजे उघडी लिपी हे सुरक्षिततेचे हमीपत्र नव्हे. ती सुरक्षित राहते ती पाहणारे डोळे जागे असतील तोवरच, आणि आज त्यांत भारतीय डोळे फार थोडे आहेत.

मुक्त प्रणाली म्हणजे शनिशिंगणापूरचे घर, कोणीही आत शिरावे, असा एक समज आढळतो. नेवासे तालुक्यातील या गावाची ख्यातीच बिनकुलपाच्या घरांची. २०११ साली यूको बँकेनेही तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली होती. मुक्त प्रणालीचे तसे नाही. कुलूप कसे घडवले याचा आराखडा सर्वांना खुला असतो, आपल्या दाराची किल्ली आपल्याजवळच राहते. याच गावाच्या देवस्थानाच्या नावाने चाललेल्या बनावट अ‍ॅपचे प्रकरण २०२५ मध्ये गाजले. ऑनलाइन पूजा-अभिषेकाच्या नावाखाली भाविकांकडून पैसे घेतले गेल्याची तक्रार झाली, गुन्हा नोंदला गेला, विधिमंडळात चर्चा झाली. दोषी कोण, ते तपास आणि न्यायालय ठरवील. परंतु सातासमुद्रापार बसलेल्या भाविकाला खरे दार कोणते आणि खोटे कोणते, हे कळायला मार्ग हवा की नको? देवस्थानाच्या स्वतःच्या नावाचा एकच पत्ता, तो आवारातल्या फलकावर ठळक लिहिलेला, त्यामागची नोंदवही देवस्थानाच्या ताब्यातील यंत्रावर आणि कोणत्याही अ‍ॅपची खातरजमा त्या पत्त्यावरून, एवढ्याने भामटे संपणार नाहीत, पण भाविकाच्या हाती कसोटी येईल. पत्ता व नोंदवही आपल्या ताब्यात ठेवण्याची ही विद्या या छंदिष्ट मुलांना तोंडपाठ असते. देवस्थानांच्या कार्यालयांत मात्र तिची विचारपूस फारशी होत नाही.

वस्तुतः अहिल्यानगर जिल्ह्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. ऊस आपला, मग कारखाना दुसऱ्याचा का, हा प्रश्न विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेच्या काठी विचारला. शेतकऱ्यांच्या दारोदार जाऊन भागभांडवल जमविले, धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्षपदी बसवला आणि १९५०च्या दशकारंभी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आजच्या युगात माहिती हाही ऊसच आहे. गाळप कॅलिफोर्नियात होते, येथे चिपाडे येतात.

मात्र सहकाराच्या गौरवात याच जिल्ह्यातील दुसरी आठवण झाकून ठेवू नये. श्रीरामपूर-राहुरी परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके विजेचे वितरण स्वतः केले. घाऊक वीज घ्यायची आणि आपल्या तारांवरून आपल्या सभासदांना पुरवायची, अशी ती व्यवस्था होती. देशात असे प्रयोग मोजकेच झाले. थकबाकी वाढत गेली, कज्जे झाले आणि २०११ साली वितरणाचे काम महावितरणकडे गेले. मालकी मिळवणे सोपे, ती रोजच्या रोज, हिशेबाने सांभाळणे कठीण. घरच्या सर्व्हरचेही तेच आहे. मुलगा हिंजवडीला नोकरीला लागतो, फडताळातले यंत्र एके दिवशी बंद पडते, परवलीचा शब्द त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नसतो आणि आई शेजारच्या मुलाला विचारते, ‘अरे, फोटो कुठे गेले?’ या मंडळींच्या चर्चेत यंत्राच्या वेगावर जितका खल होतो, त्याच्या दहावा हिस्साही या प्रसंगावर होत नाही. शिवाय जे शिकले ते मराठीत लिहून ठेवण्याचा त्यांना कंटाळा. पुढच्याने पुन्हा इंग्रजीतून पहिल्यापासून सुरुवात करायची.

त्यांच्याच एका नियमात याचे औषध आहे. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतली एक परगावी असावी. हा नियम संगणकवाल्यांचा खरा, पण ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली ती काही वेगळ्या वाटेने नव्हे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, याच जिल्ह्यातील नेवाशाला ती सांगितली गेली. ती कोणा एकाच्या पेटीत राहिली नाही. गावोगाव उतरवून घेतली गेली, उतरवताना पाठभेद शिरले, आणि जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्या पदरच्या ओव्या कोणी त्यात घुसडू नयेत, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. मूळ पाठ सर्वांना खुला, नकल करण्यास मुभा, सुधारणा जाणत्याच्या नजरेखाली आणि घुसडण्यास मज्जाव, हीच रीत आज जगभरचे मुक्त-प्रणालीवाले पाळतात. आणि ‘एक्सझेड’मध्ये जे झाले ते घुसडणेच होते.

तेव्हा या तरुणांनी करायचे काय? पतसंस्थेचे खाते किंवा रुग्णालयाची नोंद छंदिष्टाच्या भरवशावर सोपवावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तालुक्याच्या गावचे वाचनालय हे त्यांच्यासाठी योग्य क्षेत्र आहे. ‘कोहा’ नावाची ग्रंथालयाची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयासाठी तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये कामाला लागली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट, देणगी. पुढे एका अमेरिकन कंपनीने तेथे या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला. जगभरच्या ग्रंथपालांनी व छंदिष्टांनी पैसे जमवून तो लढा दिला आणि दावा टिकला नाही. आज भारतातील अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये हीच प्रणाली वापरतात. तिच्यात देवनागरीत नोंदी होतात, परवाना-शुल्क लागत नाही, एखादे जुने यंत्रही लहान वाचनालयाला पुरते.

लोणी, संगमनेर, कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ पासून उभी आहेत. त्यांच्या आसपास सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांतल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या याद्या अजून लाल कापडी बांधणीच्या दाखलनोंदवह्यांत, शाई फिकी होत चाललेल्या पानांवर आहेत. एका सुट्टीत दोघांनी बसून हजारभर नोंदी चढवाव्यात, एक प्रत वाचनालयाच्या यंत्रावर, एक चकतीवर आणि एक दुसऱ्या गावच्या वाचनालयात ठेवावी. परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून कार्यवाहांच्या कपाटात असावा. आणि त्या दोघांपैकी एक तरी अजून पहिल्या वर्षाला असावा.