मोटारीचीं पादत्राणें

घरांत नवी मोटार यावयाची म्हणजे तिचा रंग, तिच्या बैठकी, तिचें नांव यांविषयीं थोरांपासून पोरांपर्यंत सर्वांचीं मतें घेतलीं जातात. परंतु ती ज्यांवर धांवावयाची त्या टायरांची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः चारही चाकें मिळून जमिनीस जेवढीं टेकतात ती जागा चार तळहातांहून फारशी मोठी नसते. सबंध कुटुंबाचा भार, वळणावरचा तोल आणि ऐन वेळीं थांबण्याची शक्ति हीं सर्व त्या चार तळहातांवर अवलंबून आहेत. म्हणून या महिन्यांत मोटारीच्या या पादत्राणांचाच विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें नोकरीनिमित्त कॅनडा किंवा जर्मनीसारख्या हिमप्रदेशांत राहतात, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. थंडी आली कीं तिकडून निरोप येतो, ‘मोटारीचे टायर बदलून घेतले.’ टायर झिजले नसतां ते बदलावे कां, असा प्रश्न घरांतील वडील माणसांस पडतो. त्याचें कारण असें कीं, सुमारें सात अंशांखालीं साध्या टायरचें रबर कठीण होऊं लागतें व त्याची पकड जाते. हिमासाठीं केलेल्या टायरचें रबर मऊ असतें आणि त्याच्या पृष्ठभागावर अनेक बारीक चिरा असतात. त्या बर्फास धरून ठेवतात. अशा टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण असें चिन्ह असतें. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हे टायर कायद्यानें सक्तीचे आहेत.

आतां परभणीचा पाराही थंडींत कधीं कधीं पांच अंशांखालीं उतरतो, हें खरें. पण तो पहांटेपुरता. दुपारीं तीच सडक तापलेली व कोरडी असते. मऊ रबराचा टायर अशा सडकेवर लवकर झिजेल आणि ब्रेक दाबल्यावर मोटार अधिक अंतर घेऊन थांबेल. तेव्हां तो टायर आपला नव्हे. मात्र त्यामागील तत्त्व आपलें आहे. पादत्राण निवडावयाचें तें भूमि व ऋतु पाहून.

आपली भूमि काळी व आपला कठीण ऋतु पावसाळा. कातळ झिजून झालेली ही माती पाण्यानें फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते; त्यामुळें तिच्यावर बांधलेली सडकही जागोजाग खचते. पूर्वीं बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव चढवीत. भर पावसांत तेंही चाक आंसापर्यंत रुते. मोटारीची दशा याहून वेगळी नाहीं. दहा पावलांत टायरच्या खांचा चिखलानें भरतात आणि चाक चेंडूसारखें गुळगुळीत होऊन जागच्या जागीं फिरूं लागतें. शेतांतून आलेल्या वाहनांच्या चाकांचा चिखल डांबरी सडकेवर पडतो. पहिल्या सरींत तो तेलाशीं व धुळीशीं मिसळला कीं घसरडा लेप तयार होतो. परभणीहून मानवत-पाथरीकडे जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर जेथें जेथें शेताची वाट मिळते, तेथें मृगांत वेग आवरणें हेंच शहाणपण.

टायरवरील खांचा शोभेसाठीं नसतात. चाकाखालचें पाणी बाहेर फेकणें हें त्यांचें काम. त्या झिजल्या म्हणजे वेगांत असतांना पाणी चाक व सडक यांमध्यें शिरतें, मोटार क्षणभर तरंगते, आणि त्या क्षणीं सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. नव्या टायरची खांच सुमारें आठ मिलिमीटर खोल असते. आपल्याकडील नियमाप्रमाणें ती १.६ मिलिमीटरहून कमी असतां कामा नये. तेवढ्या उंचीचे लहान उंचवटे खांचेंतच बसविलेले असतात. पृष्ठभाग त्यांच्या बरोबरीस आला कीं टायरचें आयुष्य संपलें. परंतु पावसाळ्यासाठीं आम्ही तीन मिलिमीटरवरच थांबावें असें सांगूं. मुलांच्या कंपासपेटींतील पट्टीनें हें माप घरबसल्या घेतां येतें.

टायरच्या कडेवरील अक्षरेंही वाचावयास शिकलें पाहिजे. १८५/६५ आर १५, ८८ एच असें लिहिलें असल्यास रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, चाकाचा व्यास १५ इंच. ८८ म्हणजे एका टायरनें ५६० किलो भार सोसावा, आणि एच म्हणजे ताशीं २१० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. मोटारीबरोबर आलेल्या आंकड्यांहून कमी प्रतीचा टायर घेऊं नये. जन्मतारीखही तेथेंच असते: २६२४ म्हणजे २०२४ सालचा सव्विसावा आठवडा. फारशी न धांवणारी, अंगणांत उन्हांत उभी असणारी मोटार असेल तर खांचा खोल असूनही रबर चिरतें. पांच वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावें. दहा वर्षांपुढें ठेवूंच नये.

प्रकाराविषयीं थोडक्यांत सांगतों. बहुतेक प्रवास डांबरी सडकेवर होत असेल तर रुंद, सरळ उभ्या खांचांचा साधा टायर उत्तम. मोठमोठ्या ठोकळ्यांचा चिखलाचा टायर दिसावयास रुबाबदार. पण ओल्या डांबरावर त्याची पकड उणी, आवाज फार व इंधनही अधिक. उंच गाडी घेऊन वरचेवर शेतावर जाणाऱ्यांनीं दोहोंमधील मिश्र प्रकार घ्यावा. एवढें करूनही भिजलेल्या काळ्या रानास जिंकणारा टायर नाहीं. तेथें मोटार सडकेवर ठेवून पायीं जाणें हाच उपाय. दोनच टायर नवे घ्यावयाचे असल्यास ते मागें बसवावे, कारण मागचीं चाकें घसरलीं तर मोटार गरकन फिरते व ती सांवरणें कठीण जातें.

उन्हाळ्यांत शत्रु निराळा. हवा कमी असली कीं टायर फार दबतो, तापतो व फुटतो. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेला दाब सकाळीं, चाकें थंड असतांना मोजावा. जालन्याहून ज्या समृद्धि महामार्गावर आपण चढतों, तो ७०१ किलोमीटरांचा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. गल्लीबोळांतून हळू जातांना जो टायर खपून जातो, तो तेथील तासन्‌तासांच्या वेगांत क्षमा करीत नाहीं.

आतां शेवटची व सर्वांत नाजूक गोष्ट. एकत्र कुटुंबांत मोटार सर्वांची, म्हणून तिचा खर्च कोणाचाच नाहीं, असें होऊन बसतें. पुतण्या किंवा सूनबाई ‘टायर गुळगुळीत झाले’ म्हणून सांगते, आणि ज्यांच्या हातीं तिजोरीची किल्ली ते म्हणतात, ‘अजून एक पावसाळा निघेल.’ लग्नकार्यांत याच्या कितीतरी पट रक्कम आपण डोळे झांकून खर्च करितों. या एका बाबतींत जो सुकाणूवर बसतो त्याचा, किंवा बसते तिचा, शब्द अखेरचा मानावा असें आमचें स्पष्ट मत आहे. कारण मागें बसलेल्या आजीबाईंचा व नातवंडांचा भरंवसा त्याच हातांवर असतो.

मृगापूर्वीं आपण गच्ची झाडतों, पन्हाळी मोकळ्या करितों, वर्षाचें धान्य भरतों. त्यांतच एका सकाळचा अर्धा तास चार चाकांसाठीं काढावा. आणि मागें ठेवलेलें पांचवें चाकही विसरूं नये. त्याची आठवण बहुधा गंगाखेडच्या वाटेवर, भर पावसांतच होते.