नखाएवढं चित्र

लहानपणी सुट्टीत आम्ही जबलपूरहून मुंबईच्या गाडीत बसलो, की बाबांचं सगळं लक्ष भुसावळकडे असायचं. केळ्यांसाठी नव्हे, पुस्तकासाठी. जबलपुरात मराठी पुस्तकं वाचनालयात मिळत, पण विकत घ्यायची तर वाटेत भुसावळच्या फलाटावर. गाडी थोडाच वेळ थांबायची. बाबा खिडकीतूनच स्टॉल न्याहाळायचे आणि खाली उतरेपर्यंत त्यांचं पुस्तक ठरलेलंही असायचं. बहुतेक वेळा ती बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा असे, वर रघुवीर मुळगावकरांचं चित्र. एखादा घाबरलेला चेहरा, मागे अंधार, झालं. एवढ्या लांबून नाव वाचता येत नसे, पण आत काय आहे ते कळायचं.

हे सगळं आठवलं ते माझ्या भाचीमुळे. ती इथेच जबलपुरात असते. दिवसा नोकरी आणि रात्री गेम बनवणं, असं तिचं दोन वर्षं चाललंय. मोठ्या कंपनीचा पैसा नाही, मोठा चमू नाही. ती आणि संगीत करणारा तिचा एक मित्र, बस. अशा गेमला इंडी गेम म्हणतात हे मला तिच्याकडूनच कळलं. गेम आहे भेडाघाटचा. चांदणी रात्र, दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे आणि नावेत एकटी मुलगी. वल्ह्याचा आवाज कड्यावर आपटून परत येतो आणि त्या आवाजावरून पुढची वाट शोधायची. मी एकदा खेळले. दोनदा कड्यावर आपटले, पण मजा आली.

आता हा गेम स्टीम या दुकानात ठेवायचा होता. कम्प्युटर गेमचं हे जगातलं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान. एका गेमसाठी शंभर डॉलर भरायचे, की फळीवर जागा मिळते. पण त्या फळीवर हजारो गेम असतात आणि गिऱ्हाईक बोटाने भराभर खाली सरकत असतं. म्हणजे आमची भुसावळचीच गोष्ट, फक्त इथे गाडी थांबतच नाही.

"मावशी, कव्हर बघ ना," म्हणत तिने लॅपटॉप पुढे केला. मी बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून हा मान.

चित्र सुंदर होतं. धुवांधार होता, रोपवे होता, चौसष्ट योगिनींचं मंदिर होतं, हत्तीवर राणी दुर्गावती होती. खाली कुठेतरी नावही होती. वर वळणदार अक्षरांत पाच शब्दांचं नाव आणि त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरांत भाचीचं स्वतःचं.

"दुर्गावती आहे का गं गेममध्ये?"

"नाही. पण जबलपूर म्हटलं की..."

मी तिला तेच चित्र माझ्या फोनवर पाठवायला सांगितलं. उघडायचं नाही, यादीत दिसतं तेवढंच बघायचं. दिसलं काय, तर राखाडी गिचमिड. हत्ती होता की खडक, मलाही सांगता येईना.

स्टीम एकाच गेमसाठी वेगवेगळ्या मापांची चित्रं मागतं. दुकानाच्या दर्शनी भागातलं १२३२ × ७०६ पिक्सेलचं, यादीतलं ४६२ × १७४ चं. हे दुसरं पडद्यावर आणखी आक्रसतं, फोनवर तर विचारूच नका. भाचीने मोठं चित्र काढून तेच लहान केलं होतं. बहुतेक सगळे हेच करतात आणि इथेच फसतात. लहान माप हे वेगळं चित्र समजून काढायला हवं. जे एका फटक्यात ओळखू येईल तेवढं ठेवायचं, बाकीचं कापायचं. कापताना जीव तुटतो, पण कापायचंच.

मग अक्षरांकडे वळलो. इथे आपल्या देवनागरीची एक अडचण आहे. इंग्रजी अक्षर लहान केलं तरी बरंच तग धरतं. आपल्याकडे आधी अनुस्वार जातो, मग वेलांटी आणि रफार पुसट होतात. भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक डोक्यावरच्या एका छोट्या गाठीचा किंवा फटीचा. तिच्या खेळाच्या नावात भ होता आणि घही होता. फोनवर त्याचं काय झालं असेल ते ओळखा. शेवटी पाच शब्दांचे दोन झाले. वळणदार लिपी गेली, जाड आणि मोकळी अक्षरं आली, आणि त्यांच्यामागचं आकाश सपाट, गडद निळं केलं.

तिचं स्वतःचं नाव काढायला मात्र ती तयार होईना. दोन वर्षांची मेहनत आहे, तिचं म्हणणं मला समजत होतं. मग मी आमच्या जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांचं उदाहरण काढलं. नंदलाल बोस यांचे हे शिष्य. आपल्या संविधानाच्या मूळ प्रतीत उद्देशिकेचं पान सजवलंय ते त्यांनीच. चारी बाजूंनी नक्षी, मध्ये अक्षरांना भरपूर मोकळी जागा, आणि स्वतःची सही एका कोपऱ्यात, फक्त 'राम', शोधावी लागेल इतकी बारीक. भाचीने ते पान फोनवर मोठं करून पाहिलं, सही सापडल्यावर हसली आणि आपलं नाव पुसून टाकलं. तसाही स्टीमचा नियमच आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून या चित्रांवर कलाकृती, खेळाचं नाव आणि असलं तर अधिकृत उपशीर्षक, एवढंच चालतं. पुरस्कार, कुणी केलेली स्तुती, सवलतीची जाहिरात, सगळं बंद. मला हा नियम फार आवडला. आपल्या लग्नपत्रिकांनाही लागू करावा.

खरा वाद झाला तो दुर्गावतीवरून. "मावशी, हत्ती दिसला तर लोक क्लिक तरी करतील!" करतील ना. पण आत हत्ती नाही, लढाई नाही, एक शांत नाव आहे. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. लढाई शोधत आलेला माणूस वीस मिनिटांत चिडून परत जाणार आणि जाताना चार शब्द लिहून जाणार. ज्याला शांत नाव हवी होती, तो हत्ती बघून आधीच पुढे सरकलेला. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

अटारीच्या जमान्यात, १९७७ नंतरच्या त्या काळात, हे चालून जायचं. खोक्यावर झकास रंगवलेली विमानं आणि योद्धे, आत पडद्यावर चार चौकोनी ठिपके. तेव्हा ठिपक्यांत विमान बघायला ते चित्र मदतच करत असे. आता चित्राशेजारी खेळाचे फोटो आणि व्हिडिओही असतात, खोटं लगेच उघडं पडतं.

मग भाचीने मला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' दाखवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी टिकून राहिले. २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पौराणिक भारतातली, हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, ही त्याची गोष्ट. नाव मुलीचं, कव्हरवरही तीच. दोन अक्षरी नाव किती कामाला येतं, ते पाहून भाची हळहळली.

मला मात्र आवडला तो जपानी 'इको', २००१ सालचा. तो घडवणाऱ्या फुमितो उएदा यांनी कव्हर स्वतःच रंगवलं, इटालियन चित्रकार डी किरिको यांच्या धर्तीवर. प्रचंड वास्तू, लांबच लांब सावल्या आणि पळणारी दोन चिमुकली माणसं. जपान आणि युरोपात हे कव्हर लागलं. अमेरिकेत दुसरंच लावलं, आणि ते किती वाईट होतं यावर लोक अजून बोलतात. तरी मी भाचीला म्हटलं, उएदांची नक्कल करू नकोस. त्यांचं चित्र हातात धरायच्या खोक्यासाठी होतं. नखाएवढं केलंस तर ती दोन माणसं मुंगीएवढीही उरायची नाहीत.

शेवटी जे ठरलं ते असं. डावीकडे एक पांढरा कडा, उजवीकडे एक, दोन्ही वर जवळ येणारे, आमच्या बंदरकूदनीसारखे. कधीकाळी हे कडे इतके जवळ होते म्हणे, की माकडं उडी मारून पलीकडे जात. मधल्या निळ्या फटीत नाव आणि नावेत पाठमोरी मुलगी, खऱ्या प्रमाणापेक्षा मुद्दाम मोठी. बाकी काही नाही. रंग काढून नुसतं काळंपांढरं करून पाहिलं, तरी नाव नावच दिसत होती. ही परीक्षा मी शाळेत पोस्टर स्पर्धेच्या वेळी घ्यायचे. डोळे बारीक करून बघा, म्हणायचे मुलांना.

माझ्या ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, खोलीच्या दारातूनच फोन दाखवला. चष्मा नव्हता. "भेडाघाट ना?" म्हणाली. या गेमवर ताई गेली दोन वर्षं नाराज आहे. लग्नाचं बघायचं सोडून हे काय, असं तिचं चालू असतं. पुढे काही बोलली नाही, पण फोन मागून घेऊन पुन्हा पाहिला.

एक परीक्षा अजून बाकी होती. पावसाळ्यात नावा बंद असतात, म्हणून थांबलो आणि त्या सुरू झाल्यावर भेडाघाटला गेलो. तिथले नावाडी यमक जुळवत जी कॉमेंट्री करतात ती ऐकलीत ना? तशाच एका नावाड्याला भाचीने चित्र दाखवलं. तो वल्हवता वल्हवता थांबला, फोन उन्हातून सावलीत घेतला आणि नीट बघितलं.

"अच्छा है दीदी," तो म्हणाला, "पर लड़की ने चप्पू उल्टा पकड़ा है."

घरी परत येईपर्यंत भाची गाडीत एक शब्द बोलली नाही. रात्री अकराला नवं चित्र पाठवलं. वल्हं सरळ झालं होतं.