शाळेची परसबाग ताटात उतरावी

‘रोज पालेभाजी खा’ असा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी सहज देतो. पण हातावर पोट असलेल्या घरातील गृहिणी संध्याकाळी बाजारात गेली की बटाटा घेते. तो टिकतो, रश्श्यात पुरवठ्याला येतो. मेथीची जुडी शिजल्यावर मूठभर होते. तिचा हिशेब चुकीचा नाही. पण त्यात मुलांच्या वाट्याची हिरवी भाजी राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

शाळांनी परसबागा कराव्यात, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१९ मध्ये काढल्या. कल्पना उत्तम आहे. पण फलक आणि तपासणीपुरती बाग कोणाच्या पोटात जात नाही. म्हणून वस्तीतील शाळांनी बाग मुलांच्याच हाती द्यावी, असे माझे मत आहे. काय पेरायचे, पाणी कोणी घालायचे, भाजी कोणाकडे जायची, हे मुलांनी ठरवावे. शिक्षकांनी पाठीशी राहावे. ‘पोराला शिकायला पाठवलंय, खुरपायला नाही,’ असे काही पालक म्हणतील. तेव्हा काम पाळीने, पंधरा-वीस मिनिटांचे आणि मुलामुलींना सारखे असावे.

शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी अपेक्षित आहे. शंभर मुलांना पाच किलो झाली! छोट्या बागेतून ती रोज निघणार नाही. पण आठवड्यातून एकदा खिचडीत शेवग्याचा पाला किंवा वरणात लाल माठ नक्की पडेल, आणि पाळीपाळीने एकेक जुडी घरीही जाईल.

काही पथ्ये मात्र पाळावीत. गटाराचे पाणी बागेला कदापि घालू नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी. पालेभाजीतील लोह अंगी लागण्यासाठी ताटात लिंबाची फोड असावी, जेवणाला लागून चहा नको. आणि भाजी मिळते म्हणून शाळेतील लोहाची व जंताची गोळी टाळू नये. रक्तक्षय एकट्या बागेने हटणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढेच विचारावे: बागेतली भाजी या महिन्यात किती वेळा शिजली?