पासपोर्टच्या पाकिटात एक मराठी कागद घाला

मा. प्रादेशिक पासपोर्ट अधिकारी, नागपूर यांस,


पासपोर्टच्या मागच्या आवरणाच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत एक सूचना छापलेली असते. पासपोर्ट हरवला, चोरीला गेला किंवा नष्ट झाला, तर भारतात जवळच्या पासपोर्ट कार्यालयाला आणि परदेशात जवळच्या भारतीय दूतावासाला व तिथल्या पोलिसांना ताबडतोब कळवावं. सूचना अगदी योग्य आहे. पंचाईत एवढीच की ती ज्या पुस्तिकेत छापली आहे, नेमकी तीच हरवलेली असते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा राईस मिलांसाठी ओळखला जातो, परदेशवारीसाठी नव्हे. पण दिवस पालटले आहेत. जिल्ह्यातल्या बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि १ डिसेंबर २०२३ पासून तिथून इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं. हैदराबादहून आखात एका उड्डाणावर. एमबीबीएसला गेलेली पोरं, दुबईत कामाला गेलेला वेल्डर, थायलंड-श्रीलंकेच्या बौद्ध स्थळांना निघालेली ज्येष्ठ मंडळी, अशा साऱ्या गोंदियाकरांची फाईल शेवटी आपल्याच कार्यालयात असते.

आणि यांच्यापैकी कुणाचा पासपोर्ट हरवला की पहिला फोन दूतावासाला जात नाही. तो घरी येतो. सालेकशाच्या नाहीतर देवरीच्या एखाद्या घरात अपरात्री मोबाईल वाजतो, "बाबा, पासपोर्ट सापडून नाही राहिला." बाबा कपाट उघडतात. लग्नपत्रिका, सातबारा, विजेची बिलं, सगळं निघतं. पासपोर्टची झेरॉक्स तेवढी निघत नाही. मग ओळखीच्या एजंटाचा नंबर शोधला जातो, कुणीतरी पुढाऱ्याचं नाव सुचवतं, आणि परदेशातलं पोर तिकडे हॉटेलच्या खोलीत ताटकळत बसतं.

म्हणून एक साधी मागणी. नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो आणि पोस्टमन तो ओळखपत्र पाहून खुद्द अर्जदाराच्या हातात देतो. त्याच पाकिटात मराठीतला एक पानी कागद घालावा. पुस्तिका प्रवासाला जाईल, कागद कपाटातच राहील, आणि ज्या घरात फोन येतो तिथेच तो हवा आहे.

त्या कागदावर काय असावं? सगळ्यात आधी, नीट शोधा. हा सल्ला पोरकट वाटेल, पण एकदा हरवल्याची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द होतो. दोन दिवसांनी बॅगेच्या अस्तरात सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. विमानतळावर अडकायची वेळ येते ती बहुधा इथेच.

खरोखरच गेला असेल, तर मात्र एक तासही दवडू नये. तिथल्या पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, हे पहिलं काम. दूतावास ती मागतोच. उशीर का नको, याचं उत्तर ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या एमएच ३७० विमानात सापडतं. त्यात दोन प्रवासी थायलंडमध्ये चोरलेल्या पासपोर्टांवर बसले होते, एक ऑस्ट्रियन आणि दुसरा इटालियन. दोन्ही पासपोर्टांची नोंद इंटरपोलच्या यादीत होती; विमानात बसवण्याआधी ती कुणी तपासली नाही, हा भाग वेगळा. पण नोंद होती म्हणूनच मूळ मालकांवरचं बालंट टळलं.

यानंतरचा भाग कागदावर ठळक छापावा, कारण सगळे गोंधळतात तो इथे. दूतावासात दोन वाटा असतात. आणीबाणीचा दाखला, म्हणजे इमर्जन्सी सर्टिफिकेट, लवकर मिळतो. पण तो भारतात परतण्यापुरता, एकाच प्रवासाचा. आठ दिवसांच्या सहलीवर गेलेल्याला तो पुरे. बिश्केकला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीने मात्र घाबरून तो घेतला, तर घरी पोहोचेल आणि कॉलेज मागे राहील. तिने तिथेच नव्या पासपोर्टचा अर्ज करायला हवा. त्याला वेळ लागतो, कारण पडताळणी फिरून भारतात, म्हणजे आपल्या टेबलावर येते. जुन्या पासपोर्टचा क्रमांक आणि फाईल नंबर घरच्यांकडे लिहून ठेवलेला असेल तर सगळ्यांचाच ताप वाचतो.

पासपोर्टबरोबर त्यातला व्हिसाही जातो, हे सहसा लक्षात येत नाही. दाखला हातात पडला तरी कित्येक देशांत तिथल्या इमिग्रेशनकडून बाहेर पडण्याची परवानगी घ्यावी लागते. विमानाचं तिकीट त्यानंतर काढावं.

आखातातल्या कामगारांसाठी एक ओळ वेगळी हवी. मालकाने काढून घेतलेला पासपोर्ट हा हरवलेला पासपोर्ट नव्हे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट कायम केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, आणि अमिराती व कतारमध्येही मालकाने तो दाबून ठेवायला बंदी आहे. अशा वेळी हरवल्याची खोटी तक्रार करू नये, सरळ दूतावास गाठावा. हातात पैसे नसतील, तर अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून राहण्या-जेवणाची, गरज पडली तर तिकिटाचीही सोय होऊ शकते. तिरोड्यातल्या किती घरांना हे ठाऊक असेल?

लुंबिनीला जाणाऱ्यांना तर पासपोर्ट घरी ठेवा असंच सांगावं. नेपाळसाठी भारतीयांना मतदार ओळखपत्र चालतं. आधार मात्र फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांनाच चालतं. मधल्या वयाचे आधारच्या भरवशावर निघतात आणि अडकतात.

२०१६ मध्ये एका नवऱ्याने बायकोचा पासपोर्ट हरवला म्हणून शेजारच्या सीटवर तिचा फोटो ठेवून मधुचंद्राचा प्रवास सुरू केला आणि तो फोटो ट्विटरवर टाकला. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातलं आणि बायकोला दुसरा पासपोर्ट मिळाला. गोष्ट गोड आहे. पण अर्जुनी मोरगावच्या शेतकऱ्याचं ट्विटर खातं नसतं. त्याच्यासाठी २०१५ पासून मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे. त्यावर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. त्याचा पत्ता कागदावर छापायला दोन ओळी लागतील.

परतल्यावरचं काम त्या मानाने सरळ. पोलीस तक्रारीची प्रत, हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि ३६ पानी पुस्तिकेसाठी ३,००० रुपये. नव्या पासपोर्टच्या १,५०० च्या दुप्पट, पण त्याबद्दल कुणाची कुरकुर नाही.

१ एप्रिल २०२४ पासून ई-पासपोर्टचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा देशातल्या सुरुवातीच्या मोजक्या कार्यालयांत नागपूर होतं. चिप बनावटगिरी रोखेल, हरवलेली पुस्तिका शोधून देणार नाही. जे कार्यालय चिप बसवण्यात पुढे राहिलं, त्याला एक कागद छापणं जड जाऊ नये. दिल्लीची परवानगी लागत असेल, तर ती येईपर्यंत हाच मजकूर गोंदियाच्या मुख्य पोस्ट ऑफिसात आणि आठही तहसील कार्यालयांत फलकावर लावता येईल. मराठी मजकूर बिनचूक करून द्यायला जिल्ह्यातले शिक्षक तयार होतील. आपण फक्त होकार कळवावा.

कळावे,
गोंदियाकर