वलनीच्या पोराचा भाव

मागल्या रविवारी आमच्या वस्तीतला एक गृहस्थ घरी आला. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हेल्पर आहे. खुर्चीवर टेकला, पाणी प्याला आणि एकदम म्हणाला, “भाऊ, पीएफातून उचल घेतो म्हणतो. पोट्ट्याले क्रिकेटच्या अकादमीत टाकाचं हाय.” पोरगा चौदा वर्षांचा. टेनिस बॉलवर जोरात टाकतो, हे मी स्वतः पाहिले आहे. एवढ्यात मागून त्याची बायको आली. दारातच उभी राहून म्हणाली, “भाऊजी, तुम्हीच सांगा यायले. पुढच्या साली त्याची दहावी हाय, अन् हे लिलावाच्या गोष्टी करून राह्यले.”

लिलाव म्हणजे आयपीएलचा. टीव्हीवर तो ज्याने पाहिला त्याच्या डोक्यात आकडे बसतात. अमक्याला दहा कोटी, तमक्याला पंधरा कोटी. मला स्वतःला हा शब्दच खटकतो. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा लिलाव होतो, ते समजू शकते. माणसाचा लिलाव लागावा आणि त्याने व त्याच्या घरच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, हे काही केल्या मनाला पटत नाही. पण ते असो. त्या नवरा-बायकोला मी उपदेश केला नाही. त्यांच्या घामाचा पैसा, त्यांचे लेकरू. मी फक्त आपल्याच जिल्ह्यातल्या एका पोराची हकिगत सांगितली. हाच विषय आज घरोघरी निघतो, म्हणून ती इथे लिहून काढतो.

उमेश यादव. जन्म 25 ऑक्टोबर 1987. वडील तिलक यादव उत्तर प्रदेशातून पोटासाठी इकडे आले आणि वेकोलिच्या वलनी खाणीत कामाला लागले. खापरखेड्याजवळची ही कोळशाची खाण. तिथल्या कामगार वसाहतीत उमेश वाढला. ज्यांच्या घरात कोणी खाणीत आहे, त्यांना वसाहत म्हणजे काय हे सांगायला नको. पाळीचा भोंगा, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी, आणि बापाच्या मनात एकच इच्छा: पोरगा खाणीत उतरू नये, त्याला सरकारी नोकरी लागावी. तिलकरावांचीही हीच इच्छा होती. उमेशने सैन्यात जाण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. पोलीस शिपायाच्या भरतीला बसला, दोन गुणांनी हुकला.

दोन गुण! आपल्या वस्त्यांत अशी किती पोरे आहेत की ज्यांचे सारे आयुष्य या दोन गुणांच्या अलीकडे अडकून पडले. उमेशचेही पडले असते.

तोवर तो खेळत होता फक्त टेनिस बॉलने, वसाहतीतल्या आणि आसपासच्या मैदानांवर. वयाची विशी जवळ आली तरी लेदर बॉल त्याने हातात धरलेला नव्हता. इथे थोडा खेळाचा तपशील सांगतो, कारण आमच्या गृहस्थालाही तो ठाऊक नव्हता. टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आतबाहेर, लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा. टेनिस बॉलला शिवण नसते. तो हलका असल्याने हवेतच त्याचा वेग मरतो, म्हणून जोरात टाकायचा तर सगळी ताकद खांद्यातून आणि पाठीतून काढावी लागते. अशा पोराच्या हातात जड चेंडू दिला की दोन गोष्टी होतात. वेग भन्नाट निघतो आणि चेंडू कुठेही जातो. लेदर बॉलची शिवण सरळ ठेवून टप्प्यावर टाकणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती बहुतेक पोरे बाराव्या-तेराव्या वर्षापासून शिकत असतात. उमेश विशीत शिकायला लागला.

तो विदर्भ जिमखान्याकडून खेळू लागला आणि तिथून गोष्ट पुढे सरकली. विदर्भाच्या रणजी संघाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने या पोराचा वेग पाहिला. चेंडू भरकटतो हेही पाहिले. पण भरकटणारा चेंडू ताळ्यावर आणता येतो, वेग मात्र कोणाला उसना देता येत नाही, हे जाणणारा तो माणूस होता. त्याने उमेशची बाजू घेतली, त्याला सामने मिळवून दिले. नोव्हेंबर 2008 मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध उमेश पहिला रणजी सामना खेळला आणि त्या पहिल्या हंगामात चार सामन्यांत 20 बळी घेतले. दुलीप करंडकात मध्य विभागाकडून खेळताना राहुल द्रविड आणि लक्ष्मण या दोघांना बाद केले. वर्ष-दोन वर्षांपूर्वी ज्याने शिवणीचा चेंडू हातात धरला, त्याने!

मे 2010 मध्ये झिंबाब्वेत पहिला एकदिवसीय सामना, आणि 6 नोव्हेंबर 2011 रोजी दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी. विदर्भ संघातून कसोटीपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. जानेवारी 2012 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला एका डावात पाच बळी. मग पाठ दुखावली आणि काही महिने घरी. वेगवान गोलंदाजाची पाठ म्हणजे हमालाची पाठ. ती गेली की रोजी गेली. तो परत आला आणि 2015 च्या विश्वचषकात 18 बळी घेऊन भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला.

आता लिलावाकडे येतो, कारण आमच्या गृहस्थाचे कान तिथेच लागले होते.

अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक खेळ आहे. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक जागा असते; चेंडू त्याच्या हातात येतो, कोणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो, सगळा संघ त्याच्यावर. तिथे लिलाव नाही, ड्राफ्ट असतो. कॉलेजात खेळणारी पोरे दरवर्षी एकेक करून निवडली जातात, आणि साधारणपणे मागल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते. 2007 साली जामार्कस रसेल नावाचा क्वार्टरबॅक पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, करोडो डॉलर्सचा करार झाला. 2010 मध्ये संघाने त्याला काढून टाकले आणि त्यानंतर तो त्या लीगमध्ये पुन्हा एकही सामना खेळला नाही. उलट 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रॅडीचे नाव आले 199 व्या क्रमांकावर. त्याने सात वेळा विजेतेपद मिळवले. निवडणारे काही अडाणी नसतात. वजन, उंची, पळण्याचा वेग, सगळे मोजून निवडतात. तरी असे होते.

आपल्या उमेशचा भाव पाहा. 2010 मध्ये तो दिल्लीच्या संघाकडून आयपीएल खेळू लागला. 2014 साली कोलकात्याने 2 कोटी 60 लाखांना घेतला आणि त्या वर्षी कोलकाता विजेता झाला. 2018 मध्ये बंगळूरने 4 कोटी 20 लाख मोजले. त्याने त्या हंगामात 20 बळी दिले. दोन वर्षांनी त्याच संघात त्याला जेमतेम दोन सामने मिळाले. 2021 मध्ये दिल्लीने 1 कोटीला घेतला आणि पूर्ण हंगाम बाकावर बसवून ठेवला. 2022 च्या लिलावात सुरुवातीला त्याचे नाव पुकारले तर कोणी हात वर केला नाही. शेवटी कोलकात्याने मूळ किमतीला, 2 कोटींना उचलला. मग त्याने काय केले? पंजाबविरुद्ध 23 धावांत 4 बळी, हंगामात एकूण 16, आणि त्या जोरावर साडेतीन वर्षांनी भारताच्या वीस षटकांच्या संघात पुन्हा जागा. 2024 च्या हंगामासाठी गुजरातने 5 कोटी 80 लाख दिले, हा त्याचा सर्वांत मोठा भाव. वय तेव्हा छत्तीस. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पुढच्या हंगामाचा लिलाव झाला, त्यात मूळ किंमत 2 कोटी असताना एकाही संघाने बोली लावली नाही. एका वर्षात पावणेसहा कोटींवरून शून्यावर!

हे ऐकून गृहस्थ म्हणाला, “पण भाऊ, तोवर तं कमावले ना त्यानं.” खरे आहे. खोटे कशाला बोलू? वलनीच्या वसाहतीतल्या पोराने जे कमावले ते कोणाच्या बापजन्मी कमावले नसेल. पण मी त्याला विचारले, उमेशच्या वयाची, त्याच काळात विदर्भातल्या मैदानांवर जिवाच्या आकांताने पळणारी दुसरी दहा पोरे सांग. त्याला एकाचेही नाव सांगता आले नाही. शिवाय टीव्हीवर दिसणारा आकडा हंगामापुरता असतो. त्यातून कर कापला जातो, आणि हंगाम संपला की संघ खेळाडूला मोकळा करू शकतो. आलेला पैसा सांभाळणे हीही वेगळीच कुस्ती. जानेवारी 2023 मध्ये उमेशने जुन्या ओळखीच्या माणसाविरुद्धच, जमिनीच्या व्यवहारात 44 लाखांना फसवल्याची तक्रार नागपूर पोलिसांत केली होती.

मला या माणसाच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा काळ वाटतो तो लिलावाबाहेरचा. ऑक्टोबर 2018, हैदराबादची वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी. दुसरा वेगवान गोलंदाज शार्दूल ठाकूर दहाच चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला. वेगवान माऱ्याचा सगळा भार एकट्या उमेशवर. त्याने पहिल्या डावात 88 धावांत 6 आणि दुसऱ्यात 45 धावांत 4 बळी घेतले. मायदेशात एका कसोटीत दहा बळी घेणारा कपिल देव आणि श्रीनाथनंतरचा तो तिसरा भारतीय वेगवान गोलंदाज. आणि त्यानंतरची लगेचची कसोटी, डिसेंबरात ॲडलेडला? संघाबाहेर. पर्थला खेळवला, दोन बळी मिळाले, मेलबर्नला पुन्हा बाहेर. बुमराह, शमी, इशांत अशी माणसे समोर असताना निवडणाऱ्यांनाही दोष देता येत नाही, पण दहा बळी घेऊन बाकावर बसणाऱ्याच्या मनाचे काय होत असेल?

तो घरी आला. जानेवारी 2019 मध्ये विदर्भाचा रणजी उपांत्य सामना केरळविरुद्ध वायनाडला होता. उमेशने पहिल्या डावात 48 धावांत 7, दुसऱ्यात 31 धावांत 5 बळी घेतले. केरळ 106 आणि 91 वर गारद. सामना दुसऱ्याच दिवशी संपला. पुढच्या महिन्यात जामठ्याला सौराष्ट्राला हरवून विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. जिथे त्याला पहिला लेदर बॉल मिळाला, तिथेच तो परत आला, आणि तिथे त्याची बोली कोणी लावली नाही.

आणि हो, नोकरी. बापाने जी मागितली होती ती. जुलै 2017 मध्ये उमेशला खेळाडूंच्या कोट्यातून नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत असिस्टंट मॅनेजरची जागा मिळाली. तेव्हा तो भारताच्या कसोटी संघात होता, आयपीएलमध्ये कोटींत खेळत होता. तरी त्याने ती नोकरी घेतली. हे ऐकताच दारातल्या वहिनी पहिल्यांदा आत येऊन बसल्या.

तिलकराव फेब्रुवारी 2023 मध्ये गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1 मार्चपासून इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी होती. उमेश संघात परतला. पहिल्या डावात फलंदाजीला आला तेव्हा दोन षटकार मारून 17 धावा केल्या, मग चेंडू घेतला आणि 12 धावांत 3 बळी. मायदेशातले कसोटी बळी शंभर झाले. त्या जूनमध्ये ओव्हलवर जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळला, तोवर त्याच्या नावावर 57 कसोटी आणि 170 बळी होते. बारा वर्षांत 57. दुसरा कोणी असता तर कुरकुरला असता.

गृहस्थाने सगळे ऐकून घेतले. उचलीचा फॉर्म त्याने खिशातून काढला, पुन्हा घडी घातली आणि परत खिशात ठेवला. फाडला नाही. वहिनींनी ते पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. एवढा वेळ ओट्यावर बसून ऐकणारा पोरगा तेवढा आत डोकावला आणि म्हणाला, “काका, लेदर बॉल केवढ्याले येते?”